शेवटची दोन अक्षरं

अंबादासच्या त्या बारा रॅकेटी खऱ्या होत्या, आणि त्या खऱ्या आहेत हे मला पहिल्यापासून माहीत होतं. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. आमच्या हॉलमध्ये रोज सकाळी ज्यांच्याबरोबर खेळतो, त्यांना तर नाहीच. आता सांगतो आहे. पण त्याआधी अंबादास कोण होता ते सांगायला हवं, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणीच त्याला पाहिलेलं नसणार.

अंबादास बॅडमिंटनच्या रॅकेटींचं गटिंग करायचा, म्हणजे तुटलेली जाळी काढून नवी तार ओढून द्यायचा. सोलापुरात नवी पेठेत, आमच्याबरोबर खेळणाऱ्या मल्लिनाथच्या कापड दुकानाच्या जिन्याखाली त्याची जागा होती. आत दोन माणसं बसली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहून, रिक्षांना पाठ देत बोलायचं. गिऱ्हाइकानं रॅकेट पुढे केली की तो जाळीकडे बघायचाच नाही. रॅकेट उलटी धरायचा, दांडी जिथं मुठीत शिरते तिथं अंगठा फिरवायचा आणि तिथले बारीक आकडे डोळ्यांजवळ नेऊन वाचायचा. त्या आकड्यांच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. कंपनीनं ती रॅकेट कोणत्या देशात विकायला पाठवली, ते त्यावरून कळतं. भारताची वेगळी, जपानची वेगळी, थायलंडची वेगळी. वाचून झालं की मान वर करून म्हणायचा, "हां, ही थायलंडला निघालती. मधीच सोलापूरला उतरली." जणू एस.टी.तून उतरलेली पाहुणीच. मग स्टूल पुढे सरकवायचा. ते माणसासाठी की रॅकेटीसाठी, हे काही कळायचं नाही.

आधी तो टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता. यंत्रमाग अडला की त्याला बोलवायचे. घरात तेलुगू, बाजारात मराठी, आणि मागाशी बोलायला नुसते कान. पण कापसाच्या धुळीनं छातीत धरलं, डॉक्टरांनी सांगितलं की पुन्हा त्या शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. म्हणून जिन्याखालचं हे दुकान. रॅकेटीच्या उभ्या तारांना तो ताणा म्हणायचा, आडव्यांना बाणा. मशीनवर तार चढवली की नखानं छेडून कान लावायचा. "एक तार जास्त ताणली की शेजारची रुसती सर. मागावर असंच हाय, घरात बी असंच हाय."

दुकानात आलेल्या रॅकेटीला तो चिठ्ठी लावत नसे. कारखान्यातल्या टाकाऊ रंगीत सुताचा तुकडा दांडीला बांधायचा. प्रत्येकाचा रंग ठरलेला. माझा निळा. रॅकेट परत देताना तो दोरा सोडून घ्यायचा. "दोरा हाय तवर रॅकेट माझ्या जिम्म्यात. सोडला, तुमची तुमाला."

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आमच्या हॉलमध्ये कोणती रॅकेट घ्यावी, कोणती तार घालावी, हे सगळे मला विचारत. अकरा वर्षं विचारत होते. माझ्याजवळ वही होती, तिच्यात वजनं, किमती, कुणाला काय सोसेल याच्या नोंदी. खेळात मी मधलाच. पण रॅकेटीतला शब्द माझा शेवटचा. माणसाला एवढीशी गादीही पुरते. तिच्यावर दुसरं कुणी टेकलं की मग कळतं, आपण तिच्यावर किती बसलो होतो.

अंबादासकडे मी पहिल्यांदा गेलो तो माझी जपानची रॅकेट घेऊन. मेहुण्यानं तिकडून आणली होती. हॉलमध्ये मी ती कुणाला हात लावू देत नसे. अंबादासनं उलटी धरली, अंगठा फिरवला.

"छान हाय सर. जपानला निघालती."

"निघालेली नाही, जपानहूनच आणली आहे," मी म्हणालो. "तिकडचा माल वेगळा असतो. आपल्याकडे पाठवतात तो दुय्यम."

"कोन म्हनतं?"

"सगळे म्हणतात."

तो हसला. "सर, आमच्या कारखान्यात एका मागावर एकच टॉवेल निघायचा. गठ्ठे बांधले की एकावर शाईनं हुबळी लिवायचं, एकावर नागपूर, एकावर इंदूर. आता हुबळीचा मानूस म्हनला, आमचा टॉवेल नागपूरच्या परीस जास्त पानी पितो, तर काय म्हनायचं त्याला? अक्षरं गाव सांगतात सर. गुन न्हाई सांगत."

"टॉवेल आणि रॅकेट यांत फरक असतो."

"असल की. बगूया."

चार दिवसांनी तो सकाळीच हॉलवर आला. कोर्ट रिकामं होतं. हातात दोन रॅकेटी, एक माझी, दुसरी त्याच मॉडेलची पण भारताच्या अक्षरांची. दोन्हींवर सारखी तार, सारखा ताण, मुठीला सारखंच नवं कापड गुंडाळलेलं. "डोळे मिटा सर," म्हणाला. मी डोळे मिटून दोन्ही फिरवल्या, दोन्हींनी शटल वर मारून घेतलं, आणि ठामपणे उजव्या हातातली पुढे केली. "ही जपानची. लगेच कळतं." डोळे उघडून अक्षरं वाचली. भारताची होती.

"जाऊ द्या की," तो म्हणाला. "मला बी आदी असंच वाटायचं." निळा दोरा सोडून माझी रॅकेट माझ्या हातात दिली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पाय टाकताना मी तयारीनं गेलो होतो. कुणी हसलं तर काय बोलायचं ते ठरवलेलं होतं. कुणी हसलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, पुढेही कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी भांडलो असतो, त्याला फाटक्या तोंडाचा म्हणालो असतो, मोकळा झालो असतो. त्यानं गप्प राहून मला उपकारात ठेवलं. मी त्याचा हेवा करू लागलो तो त्या दिवसापासून, आणि त्याच्या चांगुलपणाचाच पहिल्यांदा.

मग हळूहळू लोक त्याच्याकडे वळले. मल्लिनाथ माझा दुहेरीतला जोडीदार आणि हॉलच्या मंडळाचा सेक्रेटरी. घरी कानडी, दुकानात गिऱ्हाईक येईल ती भाषा. पूर्वी बुटाची नाडी घ्यायची तरी मला फोन करायचा. आता मी काही सांगायला लागलो की म्हणायचा, "येन्री सर, एवढी घाई काय? थांबा, खाली अंबादासला विचारतो की." शनिवारी सकाळी अंबादास तयार रॅकेटी द्यायला हॉलवर यायचा, तेव्हा त्याच्याभोवती घोळका व्हायचा. मी खेळता खेळता माणसं मोजायचो. एकदा सात होती. सर्व्हिस नेटमध्ये गेली.

तारांचा ताण मोजायची सोय मी फोनवर घेतली. सगळ्यांसमोर म्हणालो, सांग अंबादास, हिचा ताण किती? त्यानं नखानं तार छेडली, कान लावला. "साडेतेवीस पौंड असल." फोननं दाखवलं तेवीस पूर्णांक चार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याच फोननं माझ्याशी फितुरी केली. आणि या माणसानं आयुष्यात एक गेम खेळलेला नव्हता! कुणी आग्रह केला तर म्हणायचा, "साडी विननारा साडी नेसतो व्हय?" लोक खो खो हसायचे. मीही हसायचो, सगळ्यांत शेवटी.

असं असूनही तो मला 'सर' म्हणायचा ते मनापासून. टोमणा नव्हता त्यात. तेही लागायचं.

हैदराबादला अंबादासच्या मेहुण्याचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. ते बंद होत होतं. तिथून त्यानं बारा चांगल्या रॅकेटी आणल्या. शेवटची दोन अक्षरं थायलंडची. विकायला काढण्याआधी तो पोतं खांद्यावर टाकून थेट माझ्या कॉलेजात आला.

"सर, तुमी शिकलेले. आदी तुमी तपासा. तुमी न्हाई म्हनला तर एक बी विकत न्हाई, परत पाठवतो."

दोन दुपारी आम्ही प्रयोगशाळेत बसलो. प्रत्येक रॅकेट तराजूवर तोलली. सुरीच्या धारेवर आडवी ठेवून तिचा तोल कुठं साधतो ते पाहिलं. टोकाला वजन टांगून दांडी किती वाकते ते मोजलं. अंबादास आकडे सांगायचा, मी वहीत लिहायचो. मग माझी जपानची रॅकेटही त्याच तराजूवर चढवली. एका कारखान्याच्या कोणत्याही दोन रॅकेटींत असावा तेवढाच फरक, त्याहून जास्त कुठेही नाही. अंबादास लहान मुलासारखा खूश झाला. "म्हंजे टॉवेल तोच हाय, सर!" मीही हसलो. खरं सांगतो, त्या दोन दुपारी मी त्याचा हेवा करायला विसरलो होतो.

निघताना त्यानं विचारलं, "लोकास्नी सांगू का सर, सरांनी तपासल्यात म्हनून?"

आणि ते पुन्हा आलं. माझ्या नावावर त्याच्या रॅकेटी खपणार, कौतुक त्याचं होणार. मी म्हणालो, "नको. माझं नाव यात कुठेही घ्यायचं नाही. शब्द दे."

"दिला की," तो म्हणाला.

बारा रॅकेटी आठवड्यात गेल्या. विकताना त्यानं प्रत्येकाला सांगितलं होतं, अक्षरं दुसऱ्या देशाची हायेत, हितं कंपनीची वॉरंटी मिळनार न्हाई, म्हनूनच स्वस्त हाय. मी स्वतः ऐकलं होतं. पण स्वस्त मिळताना माणूस पुढचं ऐकत नाही. तीन महिन्यांनी आमच्यातल्या एका ठेकेदाराची रॅकेट दुहेरीत जोडीदाराच्या रॅकेटीवर आपटली आणि फ्रेमला चीर गेली. तो ती घेऊन पुण्याच्या एका मोठ्या दुकानात गेला. तिथं सांगितलं, हा कोड आमच्याकडचा नाही, आम्ही काही करू शकत नाही. कोड आमच्याकडचा नाही, एवढंच. ते वाक्य सोलापूरला येईपर्यंत 'माल डुप्लिकेट आहे' असं झालं.

रविवारी सकाळी खेळ थांबवून हॉलमध्ये सगळे बाकांवर बसले. अंबादासला बोलावलं होतं. तो भिंतीशी उभा. ठेकेदारानं मोडकी रॅकेट नाचवत आवाज चढवला, "गरीब माणूस म्हणून विश्वास ठेवला, आणि यानं गंडवलं राव आपल्याला!"

"खरीच हाय ती," अंबादास म्हणाला. "मी सांगितलं हुतं, वॉरंटी..."

"तू थांब रे जरा," मल्लिनाथ म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "सर, तुम्ही सांगा. तुम्ही फिजिक्सवाले, रॅकेटीतलं तुमच्याएवढं हितं कुणाला कळतंय? तुम्ही म्हणाल ते फायनल."

किती दिवसांनी मला कुणी विचारत होतं. रॅकेट माझ्या हातात आली. मी ती उलटी धरली, अंगठा फिरवला, अगदी त्याच्यासारखा. अक्षरं वाचायला हवा होता त्याहून जास्त वेळ घेतला. आणि म्हणालो, "कोड भारताचा नाही."

खोटं काही नव्हतं त्यात.

"बघा! सरच म्हणतायत!" ठेकेदार ओरडला. हॉलमध्ये गलका झाला.

अंबादास माझ्याकडे बघत होता. नजरेत राग नव्हता. फळ्यावर अर्धं गणित सोडवून शिक्षक थांबले की मुलं कशी बघतात, आता पुढची ओळ लिहितील म्हणून, तसा तो बघत होता. पुढची ओळ एवढीच होती: पण रॅकेट खरी आहे, मी स्वतः तपासली आहे. तो ती बोलू शकत होता. प्रयोगशाळा, वही, दोन दुपारी, सगळं सांगू शकत होता. त्यानं शब्द दिला होता.

मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. ती सुटलेली नव्हती.

"बरं," वरून त्याचा आवाज आला. "सगळ्याच्या सगळ्या परत घेतो. मोडकी बी." आणि दारातून वळून, "सर, येतो."

महिनाभरात मल्लिनाथनं जिन्याखालची जागा रिकामी करून घेतली. माणूस वाईट नाही तो. मला म्हणाला, "काय करणार सर, पेठेत नाव जातंय. तुम्ही सांगितलं म्हणून कळलं तरी." हॉलमध्ये लोक पुन्हा मला विचारू लागले. गादी परत मिळाली. तिच्यावर बसून पहिल्याच शनिवारी मी एकाला रॅकेट सुचवली, आणि मुठीजवळचे आकडे वाचताना माझा हात थांबला.

अंबादास पुन्हा टॉवेलच्या शेडमध्ये गेला, जिथं पाऊल टाकायचं नाही असं डॉक्टर म्हणाले होते. संध्याकाळी घरीच थोडं गटिंग करायचा, त्याच्या पेठेतल्या पोरांचं. माझी जाळी तुटली तेव्हा मी दुसऱ्याकडे दिली. महिन्यात पुन्हा तुटली. तिसऱ्यांदा तुटली तेव्हा मी जे केलं ते लिहायलाही लाज वाटते. आमच्या प्रयोगशाळेतल्या मुजावरांना म्हणालो, "अंबादासकडे द्या. तुमचीच म्हणून द्या. माझं नाव काढू नका."

मुजावर देऊन आले. "पूछ्या बी नै सर. उल्टा करके नंबर देख्या, थोडा हँस्या, बोल्या परसूं ले जाव."

रॅकेट परत आली. साडेतेवीसचा ताण, मला लागतो तसाच, न सांगता. एकेक तार सारखी, एकही रुसलेली नाही. आणि दांडीला निळा दोरा.

या वेळी त्यानं तो सोडून घेतला नव्हता.

त्यानंतरही मी तीन वेळा मुजावरांच्या हातून रॅकेट पाठवली. होय, पाठवली. असं काम दुसरं कुणी करत नव्हतं. दरवेळी एक निळा दोरा वाढायचा. चार गाठी झाल्या. मी त्या सोडल्या नाहीत. खेळताना मनगटाला टोचायच्या. कुणी विचारलं की मी म्हणायचो, खूण आहे.

गेल्या वर्षी अंबादास गेला. मुजावरांनीच सांगितलं. छातीनंच गेला. त्या धुळीनंच गेला असं म्हणायला मी डॉक्टर नाही. पण जिन्याखाली धूळ नव्हती, एवढं मला माहीत आहे.

हॉलमध्ये त्याच्यासाठी सगळे उभे राहिले. मल्लिनाथचे डोळे खरोखर भरून आले होते. म्हणाला, "हाताला देव होता त्याच्या. तेवढं ते डुप्लिकेटचं सोडलं, तर माणूस सोनं होता." सगळ्यांनी माना हलवल्या. मग दोन मिनिटं शांतता. मीही शांत उभा राहिलो. तेवढं मला चांगलं जमतं.

दहाव्या दिवसानंतर त्याच्या घरी गेलो. दोन खोल्या. भिंतीवर खिळ्यांना रॅकेटी टांगलेल्या, प्लॅस्टिकमध्ये, ओळीनं. अकरा धडक्या, एक चीर गेलेली. त्याच्या बायकोनं चहा ठेवला. माझ्या नजरेचा रोख बघून म्हणाली, "डुप्लिकेट हाय म्हनतात ते. ह्ये न्हाई म्हनायचे. पन एवडी शिकलेली मानसं खोटं कशाला सांगतील? मी म्हनलं टाकून द्या, तर द्यायचे न्हाईत." मग पदरानं कप पुसत तिनं विचारलं, "तुमीच ते कॉलेजातले सर न्हवं? ह्ये लई नाव काडायचे तुमचं. म्हनायचे, सरास्नी सगळं म्हाईत हाय."

मी चहा प्यालो. चांगला झालाय म्हणालो. आणि निघून आलो.

प्रयोगशाळेतली ती वही माझ्या कपाटात आहे. बारा ओळी आहेत, माझ्या अक्षरात. त्या वहीचं पान कुणीही कधीही बघू शकलं असतं, मी कपाट उघडलं असतं तर. आता इथं सगळं लिहून टाकलं आहे, पण लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, आणि हॉलमधली मंडळी असलं काही वाचत नाहीत. अंबादासची बायको तर मराठी वाचतच नाही.

रविवारी सकाळी हॉलमध्ये, मल्लिनाथसमोर, त्याच बाकांसमोर उभं राहून, आणि मग त्या दोन खोल्यांच्या दारात, ती वही हातात घेऊन मला एवढंच म्हणायचं आहे: रॅकेटी खऱ्या आहेत, मी स्वतः तपासल्या होत्या. अंबादासचं हे देणं मी लागतो. अजून दिलेलं नाही.